कार्निव्हलला बघ्यासारखं जाऊ नका, हात लावायला जा

लंडनमधल्या माझ्या पहिल्या ऑगस्टमध्ये मी नॉटिंग हिलच्या रस्त्यावर, तिथल्या कॅरिबियन कार्निव्हलात, लोखंडी कठड्याला टेकून तीन तास उभी होते. पिसारे, ट्रकवरचे स्पीकर, नाचणारी माणसं. फोन भरेपर्यंत फोटो काढले आणि घरी आले. रात्री आईनं फोनवर विचारलं, "कसली गं जत्रा होती?" मला सांगता आलं नाही. उत्सव कोणाचा, कशासाठी, त्याच भागात का, यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं.

पुढच्या वर्षी जूनमध्ये मी एका शाळेच्या हॉलमधल्या मास कॅम्पमध्ये, म्हणजे कार्निव्हलचे वेश बनतात तिथं, खडे चिकटवायला जाऊ लागले. तिथं दोन महिन्यांत जे कळलं ते कठड्याला टेकून दहा वर्षांतही कळलं नसतं. ब्रिटनमध्ये नव्यानं आलेल्या मराठी मंडळींना कॅरिबियन कलांचे आणि ब्लॅक इतिहासाचे कार्यक्रम जवळून अनुभवायचे असतील, त्यात काम करायचं असेल, पुढेमागे आपल्या भागात असा कार्यक्रम भरवायचा असेल, तर सुरुवात कुठून करायची ते इथं लिहिते आहे.

आधी शब्द नीट करून घ्या

मराठी वर्तमानपत्रं 'कृष्णवर्णीय' लिहितात. इथं बोलताना सरळ 'ब्लॅक' म्हणा, आवाज न चोरता. लोक तो शब्द स्वतःसाठी अभिमानानं वापरतात. मात्र सगळ्यांना सरसकट 'आफ्रिकन' म्हणू नका. कोणाची आजी बार्बाडोसहून आली असेल, कोणाचे वडील नायजेरियाहून. कॅरिबियनमध्येही जमैका वेगळं, त्रिनिदाद वेगळं, डॉमिनिका आणि गयाना वेगळे. कार्निव्हल आणि स्टीलपॅन (तेलाच्या पिंपापासून केलेलं वाद्य) त्रिनिदादचे, रेगे संगीत आणि साउंड सिस्टिम (मोठाले स्पीकर रचून गाणी वाजवणारे गट) जमैकाचे. लंडनच्या रस्त्यावर ते एकत्र नांदतात. पण "तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न पहिल्याच भेटीत नको. समोरच्याचा जन्म याच शहरातला असतो आणि हा प्रश्न त्यानं आयुष्यभर ऐकलेला असतो. ओळख झाली की बेटाचं नाव ते आपणहून सांगतात, आणि मग आपल्याकडे गावावरून गप्पा रंगतात तशा रंगतात.

एक गोष्ट घरातलीच. स्थळं बघताना 'गोरी' हा शब्द अजून आपल्या तोंडी सहज येतो, सावळ्या मुलीला हळद-बेसन लावायचा सल्ला सहज दिला जातो. मुलांना घेऊन अशा कार्यक्रमाला जायचं ठरवाल त्या आठवड्यात घरातलं हे बोलणं बंद करा. मुलं दोन्ही ऐकत असतात. आणि नाटकात, फॅन्सी ड्रेसमध्ये तोंडाला काळं फासून कोणी ब्लॅक माणूस होणार असेल तर त्याला तिथंच थांबवा. इथं त्यामागे अपमानाचा फार मोठा इतिहास आहे.

कॅलेंडरवर तीन खुणा करा

पहिली २२ जून. १९४८ साली याच दिवशी टिलबरीच्या धक्क्यावर एम्पायर विंडरश बोटीतून कॅरिबियन बेटांवरचे शेकडो लोक उतरले. ज्यांची राहायची सोय नव्हती त्यांना क्लॅपहॅम साउथला जमिनीखालच्या युद्धकाळातल्या निवाऱ्यात ठेवलं गेलं. तिथून सगळ्यांत जवळचं रोजगार कार्यालय ब्रिक्स्टनच्या कोल्डहार्बर लेनवर होतं, म्हणून ती मंडळी ब्रिक्स्टनला स्थिरावली. २०१८पासून हा दिवस विंडरश दिन म्हणून पाळला जातो. त्याच वर्षी उघडकीला आलं की, लहानपणी कायदेशीरपणे इथं आलेल्या त्या पिढीतल्या अनेकांना कागदपत्रं नाहीत म्हणून नोकऱ्या, उपचार, घर नाकारलं गेलं होतं, काहींना तर देशाबाहेर काढलं होतं. या दिवसाच्या कार्यक्रमांत गाण्यांबरोबर हा रागही ऐकू येतो. तो ऐकून घ्या.

दुसरी खूण ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारची. नॉटिंग हिलचं कार्निव्हल तेव्हा असतं. लंडनबाहेर असाल तर हळहळू नका. लीड्सचं वेस्ट इंडियन कार्निव्हल १९६७पासून चालू आहे, ब्रिस्टलचं सेंट पॉल्स कार्निव्हल १९६८मध्ये सुरू झालं (ते दरवर्षी भरतंच असं नाही, आधी चौकशी करा), आणि लेस्टरलाही मोठी मिरवणूक निघते.

तिसरी खूण ऑक्टोबरची, ब्लॅक हिस्टरी मंथची. अमेरिकेत कार्टर वुडसन यांनी १९२६मध्ये फेब्रुवारीत असा आठवडा सुरू केला होता, पुढे त्याचा महिना झाला. ब्रिटनमध्ये घानाहून आलेले अक्याबा अडाय-सेबो यांनी १९८७ साली लंडनमध्ये त्याची सुरुवात केली. त्यांच्या एका सहकारी बाईंच्या लहान मुलानं आईला विचारलं होतं, मी गोरा का नाही? त्या प्रश्नानं ते हलले आणि कामाला लागले. शाळा, ग्रंथालयं, नगरपालिकांचे हॉल या महिन्यात कार्यक्रमांनी भरलेले असतात, आणि त्यातले बरेच फुकट असतात. नवख्या माणसानं इथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे, कारण गर्दी कमी असते आणि बोलायला माणसं मिळतात.

रस्त्यावर उतरण्याआधी एक दुपार इतिहासाला द्या

ब्रिक्स्टनच्या विंडरश स्क्वेअरवर ब्लॅक कल्चरल आर्काइव्ह्ज आहे. संस्था १९८१ची, सध्याची इमारत २०१४पासून खुली. तिथलं प्रदर्शन बघा. दुसऱ्या दिवशी डॉकलँड्सच्या संग्रहालयात साखर आणि गुलामगिरी या विषयाचं दालन बघा. ते संग्रहालयच साखरेच्या जुन्या गोदामात आहे. वॉटर्लू स्टेशनवरून जाणं झालं तर सूटकेसच्या ढिगावर उभ्या असलेल्या कुटुंबाचा पुतळा दिसेल. ते विंडरश स्मारक, २०२२मध्ये बसवलेलं.

इतिहास थोडक्यात सांगते, कारण तो माहीत नसेल तर ढोलाच्या आवाजाला अर्थ उरत नाही. ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी संपवणारा कायदा १८३३चा, लागू झाला १ ऑगस्ट १८३४ला. भरपाई म्हणून २ कोटी पौंड दिले गेले, पण ते मालकांना. राबलेल्यांना छदामही नाही. त्यासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते २०१५पर्यंत ब्रिटनच्या करदात्यांनी फेडले. मुक्तीनंतरही 'उमेदवारी'च्या नावाखाली लोकांना १८३८पर्यंत त्याच मळ्यांवर राबवलं गेलं.

त्रिनिदादमध्ये फ्रेंच मळेवाले ख्रिस्ती उपवासाच्या पर्वाआधी मुखवट्यांचे नाच करायचे. मुक्त झालेल्या लोकांनी तो सण रस्त्यावर आणला. जळत्या उसाची, मळ्यावरच्या सक्तीची आठवण म्हणून मशाली, काठ्या आणि ढोल घेऊन त्यांची कॅनबुले मिरवणूक निघायची. १८८१मध्ये पोलिसांनी ती अडवली आणि पोर्ट ऑफ स्पेनच्या रस्त्यावर लोकांनी झुंज दिली. मग ढोलांवर बंदी आली. लोकांनी बांबू कापले आणि ते जमिनीवर आपटून ताल धरला. पुढे १९३०च्या दशकात बिस्किटांचे डबे, टाकाऊ पत्रे आले, मग तेलाची पिंपं. ढोल हिसकावून घेतला म्हणून स्टीलपॅन जन्माला आलं.

आता लंडन. ऑगस्ट १९५८च्या अखेरीस नॉटिंग हिलमध्ये गोऱ्या तरुणांच्या टोळ्यांनी कॅरिबियन लोकांच्या घरांवर हल्ले केले. हा भाग तेव्हा पडक्या घरांचा होता. इतर ठिकाणी घर नाकारलं जायचं म्हणून ही मंडळी तिथं अवाच्या सवा भाडं भरून राहत होती. पोर्ट ऑफ स्पेनला जन्मलेल्या, न्यूयॉर्कमध्ये वाढलेल्या आणि कम्युनिस्ट म्हणून अमेरिकेनं हाकलून दिलेल्या क्लॉडिया जोन्स तेव्हा लंडनमध्ये 'वेस्ट इंडियन गॅझेट' चालवत होत्या. त्यांनी ३० जानेवारी १९५९ला सेंट पॅन्क्रस टाउन हॉलमध्ये कार्निव्हल भरवलं. ऐन थंडीत, म्हणून चार भिंतींच्या आत. त्या दिवशीच्या स्मरणिकेच्या विक्रीतला काही भाग दंगलीच्या प्रकरणांत अडकलेल्या तरुणांचे दंड भरायला जाणार होता, आणि त्यात ब्लॅक आणि गोरे दोन्ही तरुण होते. मला या बाईंविषयी फार आदर वाटतो. घरं फुटल्यानंतर पाच महिन्यांत त्या लोकांना नाचायला बोलावत होत्या, आणि त्याच संध्याकाळी वकिलाचा आणि दंडाचा हिशोबही मांडत होत्या.

कार्निव्हल रस्त्यावर आलं ते १९६६मध्ये. समाजसेविका रोन लॅसलेट यांनी मोहल्ल्यातल्या मुलांसाठी जत्रा भरवली. त्यात रसेल हेंडरसन यांचं स्टीलबँड होतं. त्यांनी गळ्यात पॅन अडकवले आणि वाजवत गल्लीत निघाले. लोक घरांतून बाहेर पडून मागं चालू लागले. १९७३पासून लेस्ली पामर यांनी मास बँड वाढवले, जमैकन साउंड सिस्टिम आणल्या आणि आजचा साचा तयार झाला.

मास कॅम्प आणि पॅनयार्ड

आपण होळी खेळतो तसे ते 'मास' खेळतात. एका विषयावर वेश करून रस्त्यावर उतरणारा गट म्हणजे मास बँड, आणि ते वेश जिथं बनतात तो मास कॅम्प. स्टीलपॅनचा सराव चालतो तो पॅनयार्ड. आपल्या ढोल-ताशा पथकांचा गणपतीआधी पुलाखाली दोन महिने सराव चालतो, अगदी तसंच.

आत शिरायचं कसं? एप्रिल-मेमध्ये जवळच्या मास बँडला संदेश पाठवा. "मला वेश विकत घ्यायचा आहे" असं लिहिलंत तर ग्राहक व्हाल. "मला शिवता येतं", "माझ्याकडे गाडी आहे", "मी हिशोब लिहीन", "चहा करीन" असं लिहा. माणसं नेहमीच कमी असतात. बहुतेक कॅम्प लोक नोकऱ्या सांभाळून, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी चालवतात. कबूल केलेल्या दिवशी वेळेवर जा. दोनदा दांडी मारलीत तर तिसऱ्यांदा कोणी बोलावणार नाही.

मला पहिल्या दिवशी मिळालं ते काम कमरपट्ट्यांवर खडे चिकटवण्याचं. तारेचा सांगाडा, त्यावर फोम, फोमवर चमकदार कापड, त्याला कडेनं लेस आणि मग एकेक खडा. गोंदाच्या बंदुकीतून गरम थेंब पडतो, तो पाच-सहा सेकंदांत घट्ट होतो, तेवढ्यात खडा बसवायचा. शेजारी सत्तरीच्या एक त्रिनिदादी बाई होत्या, सगळे त्यांना 'आंटी' म्हणायचे. माझे पहिले बारा खडे त्यांनी बोटानं दाबून पाहिले आणि त्यातले चार उपटून परत माझ्या हातात दिले. "सात तास नाचणार आहे ती पोरगी. रस्त्यात पडले तर?" मग गोंद थेंबभर नाही तर गोल फिरवून कसा लावायचा ते दाखवलं. त्या संध्याकाळी मी साठ खडे बसवले, एकही परत आला नाही.

पॅनयार्डमध्ये नवशिक्यांचे वर्ग बहुतेक हिवाळ्यात किंवा वसंतात असतात, कारण जुलै-ऑगस्टमध्ये सगळे स्पर्धेच्या तयारीत असतात. पॅन जवळून बघा. पिंपाचा तळ हातोड्यानं वाडग्यासारखा खोल करतात, त्यावर स्वरांच्या जागा आखून ठोकून उठवतात, मग तापवतात आणि पुन्हा ठोकून सुरात लावतात. टोकाला रबर गुंडाळलेल्या छोट्या काड्यांनी ते वाजतं. जोरात मारलंत तर सूर फाटतो आणि महागडं वाद्य बिघडतं. ज्याचं पॅन आहे त्याला विचारल्याशिवाय हात लावू नका.

आणि ताशाविषयी. ३० मे १८४५ला फतेल रझाक नावाचं जहाज पहिले भारतीय मजूर घेऊन त्रिनिदादला पोचलं. गुलामगिरी संपल्यावर मळ्यांना हात हवे होते. कराराच्या कागदावर अंगठे घेऊन आणलेली ही माणसं बहुतेक आजच्या पूर्व उत्तर प्रदेशातली आणि बिहारमधली होती. त्यांच्याबरोबर ताशा गेला, तिथं त्याला 'तासा' म्हणतात. मातीचं भांडं, त्यावर बकऱ्याचं कातडं, आणि वाजवण्याआधी ते शेकोटीवर तापवून ताणून घेतात. आपल्या पथकांत ताशाला आता प्लॅस्टिकचं पान असतं, पण काड्यांचा तो तडतडाट ऐकला की पाय आपोआप ठेका धरतात. तासा कुठं वाजणार आहे कळलं तर चुकवू नका. त्रिनिदादमध्ये तो लग्नात वाजतो, होसेच्या म्हणजे मोहरमच्या मिरवणुकीत वाजतो, आणि तो वाजवणारे सगळे भारतीय वंशाचेच असतात असंही नाही.

कार्निव्हलचे दिवस

शनिवारी एम्सली हॉर्निमन्स प्लेझन्स बागेत पॅनोरमा, म्हणजे स्टीलबँडची स्पर्धा असते. गर्दीला घाबरणाऱ्यांनी हा दिवस निवडावा. रविवारी पहाटे जूव्हे असतं, शब्द 'दिवस उजाडला' या अर्थाचा. रंग, पावडर, चॉकलेट अंगाला फासतात, जुने कपडे घाला. रविवारचा दिवस मुलांचा आणि कुटुंबांचा, सोमवारचा मोठ्यांचा आणि जास्त दाटीचा. लहान मुलं असतील तर रविवारी सकाळी जा आणि तीनच्या सुमारास परतीला लागा.

लॅडब्रोक ग्रोव्ह स्टेशन या दिवसांत बंद असतं आणि आसपासच्या काही स्टेशनांतून फक्त बाहेर पडता येतं. आदल्या दिवशी ट्यूबची सूचना वाचा आणि परतताना वीस मिनिटं चालायची तयारी ठेवा. फोनला नेटवर्क मिळेलच असं नाही, म्हणून भेटायची जागा आधी ठरवा, मुलाच्या मनगटावर तुमचा नंबर लिहा. पाणी, थोडी रोख रक्कम, बंद बूट, छत्रीऐवजी रेनकोट. मुलांच्या कानांना संरक्षण हवंच, स्पीकरची भिंत छातीत धडधडते. शौचालय दिसलं की रांग लावा, गरज नसली तरी.

मास बँडच्या दोरीच्या आत शिरू नका, ती जागा वेश घेतलेल्यांची. जवळून फोटो हवा तर विचारा, बहुतेक जण हसून उभे राहतात. केसांना, पिसांना हात लावायचा नाही. नाच अंगाला अंग लावून असतो, पण तो परस्परांच्या मर्जीनं. अर्ध्या कपड्यांत नाचणारी बाई दिसली म्हणून टक लावून बघणाऱ्या आपल्या मुलग्यांना आधीच दोन शब्द सांगून ठेवा.

दुपारी तीनला आवाज थांबेल. १४ जून २०१७ला याच भागातल्या ग्रेनफेल टॉवरला लागलेल्या आगीत ७२ माणसं गेली. त्यांच्यासाठी ७२ सेकंद सगळे स्पीकर बंद होतात. हातातलं खाणं खाली ठेवा, फोन खिशात घाला.

खाणं

'राइस अँड पीज' मधले 'पीज' म्हणजे बहुधा राजमा, नारळाच्या दुधात शिजवलेला. काही घरी नाताळात त्यात 'गुंगो' घालतात, ती आपली तूर. 'सॉरेल' नावाचं लाल सरबत म्हणजे अंबाडीच्या बोंडांचं, आलं घालून केलेलं. जमैकाचं कॅलालू म्हणजे माठाच्या जातीची पालेभाजी. त्रिनिदादी 'डबल्स' म्हणजे दोन मऊ 'बारां'मध्ये (तळलेल्या छोट्या पोळ्यांमध्ये) छोले, आणि 'डालपुरी' उलगडून बघितलीत तर आत डाळीचं तिखट पुरण सापडेल. शाकाहारी मंडळींनी जमैकातल्या रास्ताफारी पंथाच्या लोकांचं 'आयटल' जेवण शोधावं. पॅटी (आत सारण भरून भाजलेली) मात्र विचारून घ्या, बरेचदा बीफची असते.

आपल्या भागात कार्यक्रम भरवायचा असेल तर

मराठी मंडळाला ऑक्टोबरमध्ये असा एक कार्यक्रम करावासा वाटला, तर मे महिन्यात कामाला लागा. आणि पहिली बैठक मंडळाची नको. आधी जवळच्या कॅरिबियन संघटनेकडे, ब्लॅक चर्चकडे किंवा पॅनयार्डकडे जा आणि विचारा, तुम्हाला आमच्याबरोबर काही करायला आवडेल का? विषय, तारीख, पाहुणे त्यांच्याबरोबर ठरवा. कार्यक्रमपत्रिका छापून झाल्यावर "एक स्टीलबँड पण पाठवा" असा फोन करणं त्यांच्या वाट्याला दरवर्षी येतं. माझ्या ओळखीच्या एका वादकानं सांगितलं की, ऑक्टोबरात त्याला मानधनाऐवजी 'प्रसिद्धी' देऊ करणारे फोन येतात. तबलजीला आपण पाकीट देतो. इथंही आकडा आधी विचारा, लेखी कळवा, प्रवासखर्च धरा.

हॉल घेताना विचारा, संगीत वाजवण्याचा परवाना त्यांच्याकडे आहे का आणि विमा कोणाचा. इंग्लंड-वेल्समध्ये दारू विकणार असाल किंवा रात्री अकरानंतर गरम जेवण देणार असाल, आणि जागेला परवाना नसेल, तर नगरपालिकेला तात्पुरत्या कार्यक्रमाची सूचना द्यावी लागते. शुल्क २१ पौंड, माणसं ४९९पर्यंत, आणि अर्ज किमान १० कामाचे दिवस आधी. पैशासाठी नगरपालिकेची छोटी अनुदानं आणि नॅशनल लॉटरीचा समाजनिधी बघा, पण निर्णयाला आठवडेच्या आठवडे लागतात.

आपल्या बाजूनं मांडायला खरं आणि भरपूर आहे. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता वजीर झाला, १६१०मध्ये त्यानं खडकी वसवली, तेच पुढे औरंगाबाद झालं. जंजिऱ्याचे सिद्दी आफ्रिकी वंशाचे. जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. १९४६मध्ये बाबासाहेबांनी ब्लॅक विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. आणि पुण्यात जन्मलेले फारुख धोंडी लंडनमध्ये ब्रिटिश ब्लॅक पँथर्समध्ये होते. एखाद्या मुलानं हे पाच तक्त्यांवर मांडलं तर सुंदर प्रदर्शन होईल. पण ते दाराजवळच्या भिंतीवर असू द्या. मंच आणि वेळ पाहुण्यांची. दोन तासांच्या कार्यक्रमात आपलं बोलणं पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नको.

मुलांसाठी एक टेबल ठेवाच: पुठ्ठ्याचे मुखवटे, तार, रंगीत कागद, आणि मास कॅम्पमधली एखादी आंटी शिकवायला, मानधन देऊन. ज्येष्ठांसाठी पाठ असलेल्या खुर्च्या पुढच्या रांगेत. विंडरश पिढीतलं कोणी येणार असेल तर गाडी पाठवा. ती मंडळी बोलायला लागली की घड्याळ दाखवू नका.

कार्यक्रम संपल्यावर त्याच आठवड्यात सगळ्यांचे पैसे चुकते करा, फोटो पाठवा, आणि हॉलवाल्याकडून पुढच्या ऑक्टोबरची तारीख घेऊन ठेवा. नोव्हेंबरमध्ये पॅनयार्डचे नवशिक्यांचे वर्ग बहुधा पुन्हा सुरू झालेले असतात, तेव्हा जा. त्या दिवसांत सराव बघायला बाहेरचं कोणी नसतं आणि एखादं पॅन नक्की रिकामं असतं.